यीस्टच्या नळ्यांवरील नावे : एका संग्रहाच्या फेरतपासणीच्या नोंदी

३ जून

महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील फ्रीजमध्ये यीस्टचे (आंबवणाऱ्या एकपेशी बुरशीचे) जे स्लँट, म्हणजे तिरपे गोठवलेले माध्यम असलेल्या नळ्या, वर्षानुवर्षे सबकल्चर करून, म्हणजे ताज्या माध्यमावर पुन्हा पुन्हा पेरून, राखले जात आहेत, त्यांच्या लेबलांवरील शास्त्रीय नावे तपासण्याचे काम आज सुरू केले. नव्याने रुजू झालेल्या प्रयोगशाळा सहायकांनी विचारले की यांतल्या कोणत्या नळ्या एकाच जीवाच्या आहेत, म्हणजे दुहेरी नळ्या कमी करता येतील. लेबले वाचून त्यांना उत्तर देता येईना. 'बेकर्स यीस्ट', 'डिस्टिलरी यीस्ट', 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी', 'सॅकरोमायसिस एलिप्सॉइडियस' आणि 'सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस' अशी नावे शेजारी शेजारी होती. त्यांपैकी पहिली दोन वापरावरून पडलेली आहेत, चौथे आज तिसऱ्यातच धरले जाते आणि पाचवे वेगळ्याच प्रश्नाचे आहे.

आज एकाही नळीला हात लावला नाही. नोंदवहीच्या प्रत्येक पानाचे आणि प्रत्येक नळीचे, लेबल समोर येईल अशा रीतीने, छायाचित्र काढून ठेवले. असे काम करू पाहणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. तिचा उपयोग पुढील आठवड्यातच झाला.

७ जून

प्रथम केवळ शुद्धलेखन पाहिले. सेरेव्हिसी हे नाव रोमन लिपीत जितक्या प्रकारे चुकवता येईल तितक्या प्रकारे आमच्या लेबलांवर चुकलेले आहे. बहुतेक ठिकाणी शेवटच्या 'आय-ए-ई' या तीन अक्षरांपैकी 'आय' गळाला आहे, काही ठिकाणी 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल झाली आहे. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो; प्रजातीच्या नावात दोन 'सी' आणि त्यांच्या मागोमाग 'एच' हवा, तिथे एकच 'सी' दिसतो.

पाठ करून हे सुटत नाही, असे परीक्षेच्या उत्तरपत्रिका पाहून आधीच ठाऊक होते, म्हणून विद्यार्थ्यांसाठी लावायच्या तक्त्यावर नावाची फोड लिहिली. लॅटिनमध्ये 'सेरेव्हिसिया' म्हणजे बिअर. हा शब्द गॉल प्रदेशातील भाषेतून लॅटिनमध्ये आला असे मानतात. त्याची षष्ठी करताना शेवटी 'ई' लागतो आणि 'बिअरचा' असा अर्थ होतो. मूळ शब्दातला 'आय' आणि 'ए' तसेच राहतात, हे एकदा कळले की तीन अक्षरांचा क्रम चुकत नाही. 'सॅकरोमायसिस' यात ग्रीक 'साखारोन' म्हणजे साखर आणि 'मिकेस' म्हणजे बुरशी. हे 'साखारोन' आपल्याकडच्या शर्करेवरूनच तिकडे गेलेले आहे, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला प्रजातीच्या नावाचा पूर्वार्ध मुळात परका नाही.

जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३७ मध्ये किण्वन करणाऱ्या, म्हणजे साखर आंबवणाऱ्या, या जीवाला जर्मनमध्ये 'साखरेची बुरशी' म्हटले आणि पुढच्याच वर्षी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मायेन यांनी त्याच अर्थाचे लॅटिन रूप दिले. लेखकनाव, म्हणजे शास्त्रीय नाव देणाऱ्याचे नाव, मात्र दोन प्रकारे छापलेले आढळते: कुठे मायेन आणि १८३८, तर कुठे मायेन यांच्यापुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल ख्रिस्तियन हॅन्सन यांचे नाव आणि १८८३. आम्ही लेबलावर लेखकनाव न छापण्याचे ठरवले. नळीवर तेवढी जागाही नसते आणि प्रात्यक्षिकाला त्याची गरजही नसते.

११ जून

नोंदवही संगणकावर चढवण्याचे काम दोन विद्यार्थ्यांनी केले आणि आज त्या संगणकीय तक्त्याचा पूर्ण विचका झाला. वर्णानुक्रम लावताना फक्त नावांचा स्तंभ निवडला गेला, त्यामुळे नावे खालीवर सरकली आणि नळीक्रमांक जागच्या जागी राहिले. तक्ता वरवर नीटनेटकाच दिसत होता, म्हणून ते दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. ज्या नळीतून उघडताक्षणी फळासारखा, नेलपॉलिश काढण्याच्या द्रावाच्या अंगाने जाणारा वास येतो, तिच्या ओळीत 'बेकर्स यीस्ट' दिसले तेव्हा संशय आला. तो वास इथिल ॲसिटेटचा असतो आणि आमच्याकडे तो 'हॅन्सेन्युला अनोमाला' या नळीचा आहे.

मधल्या वेळात फाइल पुन्हा पुन्हा जतन झाल्यामुळे मागे जाता आले नाही. ३ जूनच्या छायाचित्रांवरून सर्व ओळी पुन्हा भरल्या. त्यात दोघांचा सबंध दिवस गेला. आता नळीक्रमांकाचा स्तंभ कुलूपबंद केला आहे आणि मूळ नोंदवहीतील नाव, चुकांसह जसेच्या तसे, एका स्वतंत्र स्तंभात ठेवले आहे. त्या स्तंभात कोणीही काहीही सुधारायचे नाही.

१४ जून

आज 'शोधा आणि बदला' या सोयीने जुनी नावे एकगठ्ठा बदलण्याचा प्रयत्न करून सोडून दिला. सोडण्याचे कारण सविस्तर लिहितो, कारण हा मोह प्रत्येकाला होईल.

एक जुनी प्रजाती म्हणजे एक नवी प्रजाती, असा हिशेब यीस्टमध्ये चालत नाही. 'हॅन्सेन्युला' हे नाव नायट्रेट वापरू शकणाऱ्या काही यीस्टसाठी होते. नायट्रेटच्या या एका गुणावरून नाते ठरत नाही असे डीएनएच्या तुलनेतून दिसल्यावर १९८४ मध्ये त्यातील जाती 'पिचिया'मध्ये घातल्या गेल्या आणि पुढे जनुकक्रमांच्या अभ्यासाने पिचियाचीही फाळणी झाली. परिणामी हॅन्सेन्युला अनोमाला आता 'विकरहॅमोमायसिस अनोमालस' आहे आणि हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा 'ओगाटाया पॉलिमॉर्फा' आहे. 'कॅन्डिडा'ची स्थिती याहून गुंतागुंतीची. कॅन्डिडा आल्बिकन्स कॅन्डिडाच राहिली, कॅन्डिडा युटिलिस 'सायबरलिंडनेरा जाडिनी' झाली आणि कॅन्डिडा क्रुसाय 'पिचिया कुद्रियावझेवी' झाली.

यामागे एक नियमबदलही आहे. बुरशीच्या लैंगिक अवस्थेला एक आणि अलैंगिक अवस्थेला दुसरे, अशी दोन नावे एकाच जीवाला देण्याची मुभा पूर्वी होती. २०११ च्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने ती काढून घेतली आणि १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव हा नियम लागू झाला. ज्या यीस्टची बीजाणू अवस्था सापडलेली नव्हती किंवा वेगळ्या नावाने नोंदलेली होती, त्यांचा 'कॅन्डिडा' हा मोठा साठा होता, म्हणून धक्का त्याला अधिक बसला.

व्याकरणाची एक अडचण इथेच येते. 'अनोमाला'चे 'अनोमालस' का झाले, हा प्रश्न सहायकांनी विचारला तो योग्यच होता. जातिवाचक शब्द विशेषण असेल तर तो प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतो. 'हॅन्सेन्युला' स्त्रीलिंगी आणि '-मायसिस' हा शेवट पुल्लिंगी. 'सेरेव्हिसी' मात्र विशेषण नसून नामाची षष्ठी आहे, म्हणून ती कोणत्याही प्रजातीत गेली तरी बदलणार नाही. तक्त्यात नवे नाव भरताना संपूर्ण नाव मायकोबँकेत (बुरशींच्या नावांच्या ऑनलाइन संग्रहात) पाहून उतरवायचे, नुसती प्रजाती बदलून जुना जातिशब्द पुढे जोडायचा नाही, असे आम्ही ठरवले. मायकोबँक आणि इंडेक्स फंगोरम हा तसाच दुसरा संग्रह यांच्यात फरक दिसल्यास दोन्ही नावे शेऱ्यात लिहितो.

१९ जून

लेबलांचा कागद. पहिली खेप घरगुती इंकजेट छापयंत्रावर काढली होती. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या नळीवर दव धरते आणि शाई ओघळते, हे दोन दिवसांत दिसले. नेहमीचा मार्कर पाण्याला टिकतो, पण नळी स्पिरिटने पुसताच जातो. उष्णतेने काळी होणारी दुकानातील पावतीसारखी लेबले स्वस्त पडतात, तरी स्पिरिटने धूसर होतात. शेवटी रिबनवर चालणाऱ्या छापयंत्राची प्लॅस्टिकची लेबले शेजारच्या विभागाकडून करून घेतली. रिबन आणि रोल मिळून साधारण अकराशे रुपये लागले, वाया गेलेल्या इंकजेट कागदाचे सुमारे साडेतीनशे वेगळे.

लेबलावर वर मोठ्या, सरळ अक्षरांत नळीक्रमांक आणि त्याखाली तिरप्या अक्षरांत नाव. प्रजातीचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले, जातीचे नेहमी लहान, मग ती एखाद्या व्यक्तीच्या नावावरून आलेली का असेना. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ द्यायची. एकच अखंड रेघ ओढण्याची सवय विद्यार्थ्यांना शाळेपासून असते. 'एसपी.' (जाती न ठरलेली) आणि 'व्हार.' (जातीतील उपप्रकार) ही संक्षिप्त रूपे सरळच राहतात.

प्रजातीचे एका अक्षरात लघुरूप करण्याची पद्धत मी संग्रहापुरती बंद केली. त्याच फ्रीजमध्ये स्टॅफिलोकॉकस आणि साल्मोनेला यांच्याही नळ्या आहेत, आणि नुसत्या 'एस.'ने सुरू होणारे लेबल अर्धवट फाटले तर हातात काय आहे हे कळणार नाही. शिवाय आमच्याकडे 'शायझोसॅकरोमायसिस पोम्बे'ही आहे. तिचा जातिशब्दही बिअरचाच, फक्त तो स्वाहिली भाषेतला आहे, कारण जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिंडनर यांनी १८९३ मध्ये वर्णन केलेली ही यीस्ट पूर्व आफ्रिकेतील धान्याच्या बिअरमधून मिळाली होती. ती कळी फुटून न वाढता मधोमध पडदा धरून दुभागते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सेरेव्हिसीशी तिची गल्लत होत नाही. लेबलावर मात्र होऊ शकते.

२४ जून

इथपर्यंतचे काम मेजावर बसून झाले. नाव बदलण्यापूर्वी नळीत तोच जीव आहे का, हे पाहणे आजपासून सुरू केले. एमजीवायपी माध्यम केले: लिटरला माल्ट अर्क ३ ग्रॅम, ग्लुकोज १० ग्रॅम, यीस्ट अर्क ३ ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम आणि घट्ट करण्यासाठी अगार.

'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी' असे बिनचूक स्पेलिंग असलेल्या एका नळीतील वाढ गुलाबी निघाली. ॲडेनिन तयार करण्याच्या मार्गातील एक जनुक बिघडले तर सेरेव्हिसीच्या वसाहती लालसर दिसतात, हे पुस्तकी ज्ञान विद्यार्थ्यांना फार आवडले आणि त्यांनी तसा निष्कर्ष काढूनही टाकला. त्यांना थांबवून दोन साध्या चाचण्या लावल्या: ग्लुकोजच्या डरहॅम नळीत (वायू पकडणाऱ्या छोट्या उलट्या नळीत) वायू येतो का आणि युरियाच्या स्लँटचा रंग बदलतो का.

२७ जून

गुलाबी नळीत वायू आला नाही आणि युरियाचा स्लँट गडद गुलाबी झाला. सेरेव्हिसी युरिया तोडून स्लँटचा रंग बदलत नाही (युरियेज चाचणी) आणि ग्लुकोज आंबवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे ही 'रोडोटोरुला' आहे, हवेतून येणारा नेहमीचा पाहुणा, आणि मूळ सेरेव्हिसी कधीतरी सबकल्चरच्या वेळी मागे पडली. या पाहुण्या यीस्टला नवा क्रमांक देऊन 'रोडोटोरुला एसपी.' अशी नोंद केली. जुन्या क्रमांकापुढे 'नष्ट' असे लिहिले. तो क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. संग्रहातील सर्वांत शुद्ध लिहिलेले लेबल नेमके याच नळीवर होते.

२ जुलै

'क्लुव्हेरोमायसिस फ्रॅजिलिस' या जुन्या लेबलाची नळी तपासली. हे नाव आता 'क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस'मध्ये विलीन आहे आणि ही यीस्ट दुधातील साखर आंबवते. सेरेव्हिसी आंबवत नाही. लॅक्टोजच्या नळ्या लावल्या, तर सेरेव्हिसीच्या नळीतही छोटा बुडबुडा दिसला आणि प्रयोग फसला असे वाटले. पण काहीही न पेरलेल्या कोऱ्या नळीतही तेवढाच बुडबुडा होता, म्हणजे उलट्या डरहॅम नळीत हवा आधीच अडकली होती. कोरी नळी लावली नसती तर सेरेव्हिसीला लॅक्टोज आंबवणारी ठरवून मोकळे झालो असतो. नळ्या पुन्हा भरल्या. लॅक्टोज जास्त तापवल्यास तुटते, म्हणून या वेळी १५ ऐवजी १० पौंड दाबावर निर्जंतुक केले. नंतर निकाल स्वच्छ आला: मार्क्सियानसमध्ये नळी वायूने भरलेली, सेरेव्हिसीमध्ये काही नाही. नवे लेबल लावले.

डिस्टिलरी यीस्टच्या नळ्या साखर कारखान्याच्या आसवनीतून, मळीवर वाढवलेल्या, कधीकाळी आणलेल्या आहेत. दोन्हींनी सेरेव्हिसीला साजेसे निकाल दिले. तरी 'डिस्टिलरी यीस्ट' हे शब्द शेऱ्यात कायम ठेवले. शास्त्रीय नावातून वापर कळत नाही. पावाची, मळीची आणि वाइनची यीस्ट एकाच 'बिअरच्या' नावाखाली येते. गोव्यातील पोदेर (पाववाले) पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवत, त्यात मिश्र यीस्ट असत आणि तिथे हे एकच नाव लावून भागले नसते. आसवनीच्या वाणाला जास्त मद्यार्क सोसतो आणि पावाचा वाण पिठात झपाट्याने वायू सोडतो, हा भेद वाणाचा आहे, आणि तो क्रमांकावरूनच सापडतो.

९ जुलै

सर्वांत अधिक वेळ खाल्लेली नळी, 'सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस'.

हॅन्सन यांनी कार्ल्सबर्गच्या लागर बिअरच्या यीस्टला १९०८ मध्ये दिलेले हे नाव आज 'सॅकरोमायसिस पास्टोरियानस'चे समनाम, म्हणजे त्याच जीवाचे दुसरे नाव, मानले जाते, कारण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रीस यांचे ते नाव १८७० चे, म्हणजे अग्रक्रमाने आधीचे. हा जीव सेरेव्हिसी आणि 'सॅकरोमायसिस युबायानस' यांचा संकर आहे; युबायानस २०११ मध्ये पातागोनियाच्या जंगलात मिळाल्यावर दुसऱ्या पालकाचा पत्ता लागला. मेजावर बसून केले असते तर 'कार्ल्सबर्गेन्सिस' खोडून 'पास्टोरियानस' लिहिले की काम संपले असते.

लागर यीस्ट थंडीला सरावलेली असते आणि ३७ अंश सेल्सिअसला सहसा वाढत नाही. आमची नळी त्या तापमानाला रात्रभरात भरभरून वाढली. दुसरी जुनी कसोटी मेलिबायोज साखरेची, जी लागर यीस्ट आंबवते आणि पावाची यीस्ट सहसा आंबवत नाही. पण मेलिबायोजच्या छोट्या बाटलीची किंमत ऐकून विभागप्रमुखांनी ती मागणी पुढील वर्षावर टाकली, ते रास्तच होते. ॲसिटेट माध्यमावर बीजाणू येतात का हेही पाहिले. आठवडाभर वाट पाहून काही तुरळक चौकडी (चार बीजाणूंचे गट) दिसल्या.

या पुराव्यावर नळीत सेरेव्हिसी असावी असा माझा कल आहे, पण कल म्हणजे ओळख नव्हे. लेबलावर 'सॅकरोमायसिस एसपी.' आणि शेऱ्यात 'कार्ल्सबर्गेन्सिस म्हणून प्राप्त. ३७ अंशांवर वाढ. ओळख प्रलंबित' असे लिहिले. जुन्या प्रात्यक्षिक-पुस्तिकेत 'लागर यीस्ट' म्हणून याच नळीचा उल्लेख आहे; तो प्रयोग या वर्षी वगळला.

१२ जुलै

विद्यार्थ्यांनी औषधाच्या दुकानातून जुलाबावर देतात ती यीस्टची पुडी आणली. पुडीवर 'सॅकरोमायसिस बुलार्डी' छापलेले आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून ती वेगळी केली. जनुकसंचाच्या दृष्टीने ती सेरेव्हिसीच आहे, मात्र ती गॅलॅक्टोज ही साखर वापरत नाही, बीजाणू करत नाही आणि शरीराच्या तापमानाला बरी वाढते. आम्ही 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी व्हार. बुलार्डी' अशी नोंद केली आणि पुडीवरील नाव समनामाच्या स्तंभात घातले. औषधाच्या पुडीवरचे नाव बदलणे आपल्या हातात नाही; रुग्णालयाचा अहवाल आणि आमची नोंदवही ताडून पाहणाऱ्याला दोन्ही नावे मिळाली पाहिजेत.

हाच विचार 'कॅन्डिडा क्रुसाय'ला अधिक लागू होतो. पिचिया कुद्रियावझेवी या नावाने ती पारंपरिक आंबवलेल्या पदार्थांवरील लेखनात निरुपद्रवी म्हणून येते, तर रुग्णालयात कॅन्डिडा क्रुसाय म्हणजे फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला मुळातच न जुमानणारी यीस्ट. फक्त नवे नाव छापले तर पुढच्या सहायकाला ती लोणच्या-आंबवणातली साधी यीस्ट वाटेल. म्हणून या एका नळीवर दोन्ही नावे छापली आणि लाल पट्टी लावली. लेबल त्यामुळे गर्दीचे दिसते, ते चालेल.

१८ जुलै

प्रात्यक्षिक-पुस्तिकेतील नावे बदलली. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत जुनी नावे येण्याची शक्यता असल्याने प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी नवे नाव आणि एकदाच 'पूर्वीचे नाव' असे दिले आहे. उद्योगात 'पिचिया पास्टोरिस' म्हणून चालणारी प्रथिननिर्मितीची यीस्ट 'कोमागाटाएला' या प्रजातीत गेलेली आहे. तिची नळी आमच्याकडे नाही, पण मुलाखतीत तिचे जुनेच नाव विचारले जाते, म्हणून तळटीप घातली.

२६ जुलै

प्रलंबित नळीचा आणि एका डिस्टिलरी यीस्टचा रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेच्या) मोठ्या उपघटकाच्या जनुकातील, यीस्ट ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डी१/डी२ भागाचा डीएनए-क्रम खासगी प्रयोगशाळेकडून करून घेण्यास मंजुरी मिळाली. दर नमुन्यास सुमारे सोळाशे रुपये पडतात. लागर यीस्ट संकर असल्याने या एका भागावरून पास्टोरियानस निश्चित नाकारता येईलच असे नाही, हे मागणीपत्रातच लिहून दिले आहे, म्हणजे निकाल 'सेरेव्हिसी' आला तरी ३७ अंशांची नोंद त्याच्याशेजारी ठेवूनच वाचला जाईल. मेलिबायोजची मागणी पुढील वर्षाच्या यादीत घातली आहे.

पुढचे सबकल्चर सप्टेंबरात. लूप (पेरणीची तारेची कडी) उचलण्यापूर्वी जुन्या आणि नव्या नळीचा क्रमांक दोघांनी मिळून वाचायचा, एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची, आणि गुलाबी दिसणारी कोणतीही नळी पुढे न नेता बाजूला ठेवायची, एवढे सहायकांना नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले आहे.